‘बोर्ड गेला’ असे म्हणण्यापूर्वी

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. किराणा दुकान असो, कापडाची पेढी असो, लग्नपत्रिकांचा छापखाना असो की मालेगाव-भिवंडीकडचा यंत्रमागाचा कारखाना असो, बिले, उधारी, जीएसटीचा हिशेब आणि मालाचा साठा हे सारे आज त्या एका डब्यात असते. हा डबा एके सकाळी बटण दाबूनही सुरू होत नाही तेव्हा दुकानदाराचा जीव टांगणीला लागतो. तो दुरुस्तीवाल्याला बोलावतो. दुरुस्तीवाला झाकण उघडतो, एक-दोन तारा हलवून पाहतो आणि निकाल देऊन टाकतो : ‘बोर्ड गेला!’

आम्हाला आज या निकालाविषयी लिहायचे आहे. बोर्ड जात नाहीत असे नाही, जातात. पण मीटर न लावता, कोणताही भाग बदलून न पाहता दिलेला हा निकाल म्हणजे नाडी न पाहता औषधाची पुडी बांधणाऱ्या हकिमाचा प्रकार आहे. यात गिऱ्हाईक फसते आणि हुनर असलेल्या कारागिराचीही पत जाते. म्हणून दोघांनीही ही तपासणी समजून घेतली पाहिजे, असे आमचे मत आहे.

निकालाची किंमत

‘बोर्ड गेला’ या शब्दांची खरी किंमत अनेकांच्या ध्यानात येत नाही. संगणक सात-आठ वर्षांचा असेल तर त्याच जातीचा नवा मदरबोर्ड बाजारात मिळणे कठीण असते. वेगळ्या जातीचा बोर्ड घ्यावा तर जुना प्रोसेसर त्यावर बसत नाही. जुनी रॅम डीडीआर-३ ची, नव्या बोर्डाला हवी डीडीआर-४ किंवा डीडीआर-५. म्हणजे एका भागाच्या नावाखाली तीन भाग घ्यावे लागतात आणि हिशेब नव्या संगणकाच्या जवळ जातो. उलट खरा दोष वीजपुरवठ्याच्या डब्यात, म्हणजे ज्याला सारे एसएमपीएस म्हणतात त्यात असेल, तर खर्च त्याच्या लहानशा हिश्शात भागतो. आणि दोष रॅमच्या मळलेल्या पट्टीत किंवा बोर्डावरच्या सेलमध्ये असेल तर तो चहापाण्याच्या खर्चात निघतो.

दुसरा धोका याहून वाईट. दोष खरोखर एसएमपीएसमध्ये असताना कोणी नवा बोर्ड आणून त्याच खराब एसएमपीएसला जोडला, तर तो नवा बोर्डही जळू शकतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. जे स्वस्त आहे आणि ज्यातून नुकसान होण्यासारखे नाही ते आधी पाहावे, महाग भागाला हात शेवटी लावावा.

बटण दाबल्यावर काय होते?

जुन्या एटी पद्धतीच्या संगणकात बटण थेट विजेचा प्रवाह जोडत किंवा तोडत असे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स ही पद्धत आणली आणि हा प्रकार बदलला. आता भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद दिसतानाही एसएमपीएसमधून बोर्डाला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा सुरू असतो. ही जांभळी तार. आपण समोरचे बटण दाबतो तेव्हा बोर्ड हिरव्या तारेवरचा दाब शून्यावर आणतो. ही बोर्डाची एसएमपीएसकडे मागणी असते. मागणी आली की एसएमपीएस पिवळ्या तारेवर १२, तांबड्या तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट सोडतो. सारे दाब ठीक झाले की सेकंदाच्या काही अंशात तो करड्या तारेवर ५ व्होल्ट देऊन ‘सर्व ठीक’ असे कळवतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो.

सौद्यात दोन पक्ष असतात, तसेच हे आहे. बोर्डाने मागितले नाही की एसएमपीएसने दिले नाही, हे ठरवल्याशिवाय कोणालाही दोषी धरता येत नाही. आणि ते ठरवायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

मीटरच्या आधी डोळे आणि हात

पण मीटरही नंतर. आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये दिवा लावून पाहावा. मग वीजतार बदलून पाहावी. एसएमपीएसच्या मागचे लहान बटण कोणी झाडू मारताना बंद केले आहे काय ते पाहावे. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा तांबडा खटका असतो. तो ११५ वर राहिला आणि आपली २३० व्होल्टची वीज आत गेली तर डबा जळणारच. पडदा काळा असेल तर मॉनिटरची स्वतःची वीज आणि त्याची केबल तपासावी. संगणक आत व्यवस्थित चालू असतो आणि केबल ढिली असते, असेही होते.

त्यानंतर वीज काढून झाकण उघडावे. धूळ, झुरळे, पालीची विष्ठा, गंजलेले पाय, जळका वास, हे सारे दिसते किंवा कळते. प्रोसेसरजवळ जाणारा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा प्लग बसला आहे काय ते पाहावे. तो निघाला असेल तर पंखे फिरतात, पण पडद्यावर काही येत नाही. रॅम काढून तिचे सोनेरी पाय साध्या रबराने हलके पुसून पुन्हा नीट बसवावी. दमट हवेच्या आपल्या किनारपट्टीत एवढ्यावरही काम भागते. समोरच्या यूएसबीच्या वाकलेल्या पिनाही पाहाव्यात. त्या आपसात चिकटल्या तर सगळा संगणक मेल्यासारखा पडतो.

मीटर काय सांगतो?

आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळी सुई कोणत्याही काळ्या तारेला आणि लाल सुई मोठ्या प्लगच्या मागच्या बाजूने जांभळ्या तारेला लावावी. संगणक बंद असतानाही तेथे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालते. काहीच दिसत नसेल तर प्लग बोर्डातून काढून पुन्हा मोजावे. तरीही शून्य असेल तर दोष एसएमपीएसचा. प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तर बोर्ड किंवा त्याला जोडलेले काहीतरी तो पुरवठा खाली ओढत आहे. या एका मोजणीने आरोपी पुष्कळ अंशी ठरतो, आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.

राखीव पुरवठा ठीक असेल तर हिरवी तार मोजत बटण दाबावे. दाब शून्याकडे उतरला नाही, तर मागणीच गेलेली नाही. दोष बटणात किंवा बोर्डात. बटणाची शंका फेडण्यासाठी बोर्डावरच्या त्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहाव्यात. संगणक सुरू झाला तर नवे बटण बसवा, बोर्डाला दोष देऊ नका. हिरवी तार उतरते, पण पिवळ्या-तांबड्या तारांवर काही येत नाही, तेव्हा एसएमपीएस तरी गेला आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट असल्याने तो स्वतःला आवरून घेत आहे.

हे वेगळे करण्यासाठी भिंतीवरचे बटण बंद करून एसएमपीएसचे सर्व प्लग बोर्डातून काढावेत. मोठ्या प्लगमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडावी, एखादा जुना पंखा किंवा डिस्क भार म्हणून लावावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बदलावा. फिरला, तर दाब मोजावेत. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे या तारांवर ५ टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६, आणि ३.३ च्या जागी साधारण ३.१४ ते ३.४७.

येथे एक इशारा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असे समजू नये. रिकाम्या हातांनी उभा राहणारा हमाल पोते उचलेलच असे नाही. शक्य असेल तर संगणक चालू असताना, भार असतानाच दाब मोजावेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे माहितीतला चांगला एसएमपीएस लावून पाहणे. काही नव्या एसएमपीएसच्या सर्व तारा काळ्या असतात. तेथे रंगावर न जाता पिनचा क्रमांक पाहावा. २४ पिनांच्या प्लगमध्ये हिरव्या तारेची जागा १६ वी असते. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत प्लगच निराळा असतो आणि त्यातून फक्त १२ व्होल्ट येतात. त्यांना हा नियम लावू नये.

आणि एक सक्त ताकीद. शिकल्याशिवाय एसएमपीएसचा डबा उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. नव्या शागिर्दाने उत्सुकतेपोटी तेथे बोट घालणे जिवावर बेतू शकते.

लक्षणे वाचता आली पाहिजेत

बटण दाबताच पंखा एकदा हलतो आणि थांबतो, तेव्हा बहुधा कुठेतरी शॉर्ट असतो. डिस्क, जादा कार्डे, समोरच्या यूएसबीची तार, असे एकेक काढत जावे. बोर्डाखाली एखादा जादा पितळी खुंट किंवा पडलेला स्क्रू नाही ना, ते पाहावे. शेवटी बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा आणि केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम व एसएमपीएस एवढ्यावर चालवून पाहावा.

पंखे फिरतात पण पडदा काळा, अशा वेळी बोर्डाला लहान स्पीकर जोडून रॅम काढून पाहावी. रॅम नसल्याची तक्रार करणारी शिट्टी वाजली, तर बोर्ड व प्रोसेसर निदान बोलण्याइतके जिवंत आहेत. काहीच आवाज आला नाही तर शंका वाढते. तरीही निकालाची घाई नको. वीज काढून बोर्डावरचा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा, म्हणजे बिघडलेली नोंद पुसली जाते. हा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा साधा सेल आहे. रोज सकाळी संगणकाची तारीख मागे जात असेल तर तो उतरला आहे. काही बोर्ड तर सेल संपला की सुरू व्हायलाच नकार देतात.

काम करता करता संगणक बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो, हे लक्षण सर्वांत फसवे. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तो तापत असेल, रॅम खराब असेल, किंवा एसएमपीएस भार घेत नसेल. येथे आपल्या कारखानदार बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि त्याच लाइनवरचा दाब क्षणभर खाली येतो. चांगला एसएमपीएस सेकंदाच्या साधारण साठाव्या भागाइतका खंड आपल्या साठवणीवर सहज निभावतो. आतले कॅपॅसिटर वाळले की ही ताकद जाते. म्हणून यंत्रमाग सुरू होताना दिवे लुकलुकले आणि चारपैकी एकच संगणक बंद पडला, तर त्या एकाचा एसएमपीएस आधी तपासावा.

बोर्डाचे खरे दुखणे

आता बोर्ड खरोखर जातो कसा, तेही पाहू. प्रोसेसरभोवती लहान नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर असतात. त्यांचे डोके फुगलेले किंवा फुटून तपकिरी रस आलेला दिसला, तर दुखणे उघड आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष रसाचे कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांत गेले होते. २००५ साली डेल कंपनीला अशा बोर्डांच्या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला. सांगायचे म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचे संगणकही दोन-चार रुपयांच्या भागापायी बंद पडले. हे कॅपॅसिटर त्याच मापाचे, धन-ऋण बाजू पाहून बदलले तर असा बोर्ड पुन्हा चालू शकतो. ज्याला आपल्याकडे ‘चिप लेव्हल’ काम म्हणतात ते हेच.

नव्या बोर्डांत घन जातीचे कॅपॅसिटर असतात, ते असे फुगून दिसत नाहीत. तेथे प्रोसेसरला वीज देणारे मॉसफेट शॉर्ट होतात, बायोसची चिप बिघडते, किंवा प्रोसेसरच्या बैठकीतल्या बारीक पिना निष्काळजी हातांनी वाकतात. तेव्हा बोर्ड गेला म्हणजे सारा बोर्ड मेला असेही नाही. कोणता भाग गेला ते सांगता आले पाहिजे.

अर्थिंग आणि पावसाळा

बहुतेक दुकानांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला मागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. मग संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधील फिल्टरमुळे पत्र्यावर मुख्य विजेच्या सुमारे निम्मा दाब चढतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण प्रिंटर किंवा केबल जोडताना त्यानेही पोर्ट जळू शकतात. अर्थिंग करून घेण्याचा खर्च एका बोर्डाहून खचितच कमी आहे.

पुराचा धडाही आपण घेतला आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी दुकानांत शिरले. अशा भिजलेल्या संगणकाला चालतो का म्हणून वीज देणे, हाच त्याचा घात असतो. आधी सेल काढावा, डिस्क काढून जाणकाराकडे द्यावी, बोर्ड स्वच्छ करून पूर्ण वाळवावा. बुडालेला एसएमपीएस मात्र परत वापरू नये.

गिऱ्हाइकाने काय मागावे?

प्रत्येक दुकानदाराने मीटर घेऊन बसावे, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याने काही गोष्टी मागाव्यात. दोष कसा ठरवला हे विचारावे. एसएमपीएस बदलून पाहिला होता काय, हे विचारावे. काढलेला जुना भाग परत मागावा. बिलावर दोषाचे नाव लिहून घ्यावे. आणि डिस्क कोणालाही देण्यापूर्वी हिशेबाची प्रत दुसरीकडे ठेवावी. बोर्ड गेला तर पैशाने येतो, तीन वर्षांची उधारीची वही पैशाने येत नाही.

नवा एसएमपीएस घेताना केवळ ‘४५० वॅट’ या मोठ्या अक्षरांवर जाऊ नये. लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. तेथे १६ असेल तर प्रोसेसरच्या कामी येणारी ताकद १९२ वॅटच आहे. वजनमापात खोट चालत नाही असे मानणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतः घेतानाही माप पाहून घ्यावे.

आणि एक गोष्ट आमच्या व्यापारी बांधवांना कदाचित आवडणार नाही. तपासणीचे पैसे देण्याची सवय आपल्याला नाही. कारागीर एक तास बसून सेल बदलतो आणि आपण त्याच्या हातावर केवळ सेलची किंमत ठेवतो. मग बोर्ड विकल्याखेरीज त्याचे घर चालणार कसे? आपणच त्याला खोट्या निकालाकडे ढकलतो. डॉक्टरची फी आपण औषध न घेताही देतो. संगणकाच्या कारागिरालाही निदानाची फी वेगळी मिळाली पाहिजे, आणि ती आधी ठरली पाहिजे.

कारागिरांना दोन शब्द

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत आपली कितीतरी मुले या धंद्यात आहेत. अनेकांनी उस्तादाच्या हाताखाली काम पाहून शिकले आहे आणि त्यांचा हात चांगला आहे. पण केवळ भाग बदलणाऱ्याचा धंदा दिवसेंदिवस आकुंचन पावणार. भाग तर आज गिऱ्हाईकही घरबसल्या मागवते. त्याला मागवता येत नाही ते निदान. म्हणून मीटर, एक खात्रीचा एसएमपीएस, एक खात्रीची रॅम आणि एक लहान वही एवढे भांडवल प्रत्येकाने जवळ ठेवावे. वहीत लक्षण, मोजलेले दाब आणि निघालेला दोष लिहीत जावे. वर्षभरात ती वही कोणत्याही क्लासच्या प्रमाणपत्राहून मोलाची होईल. ज्यांची नजर आणि हात स्थिर आहेत त्यांनी पुढे चिप लेव्हलचे काम शिकावे.

दुकानदाराने ठेवलेला संगणक ही कारागिराकडे अमानत असते. त्यातला चांगला भाग काढून हलका घालणे ही सरळ चोरी आहे. न मोजता ‘बोर्ड गेला’ म्हणणे तिच्याच वाटेवरचे पहिले पाऊल आहे, असे आम्ही मानतो. उलट जो कारागीर बोर्डाचे गिऱ्हाईक आले असताना ‘शेठ, बोर्ड चांगला आहे, एसएमपीएस बदला’ असे सांगतो, त्याचा त्या दिवशीचा नफा बुडतो खरा, पण त्या गल्लीतली सारी दुकाने त्याची होतात. बाजारात पत अशीच कमावली जाते.